एक नंबरची रिकामी ओळ

भोजू, तू गेलास म्हणून मी काही आपल्या यादीत पाणीपित्याला तीन नंबरच्या वर चढवणार नाही, आधीच सांगून ठेवतो. माणूस गेला की त्याचं सगळंच बरोबर होतं असं लोक बोलायला लागतात. मी तसला नाही, तुला ठाऊक आहे. दर विनोदाआधी मोबाइलवरचा तो गडी टेबलावरचा ग्लास उचलून घोटभर पाणी प्यायचा आणि तू माझ्या दंडावर चापट मारून म्हणायचास, "पाय बे, पानी पिऊन राहिला! आता मारते!" मी म्हणायचो, विनोदात दम असेल तर पाणी कायले लागते? सात वर्षं आपण त्या ग्लासावर भांडलो. ते भांडण मी मिटवत नाही. दुसरं एक मिटवायला बसलो आहे. ते मिटवताना माझीच मान खाली जाणार आहे, म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं बोलून घेऊ दे.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो. नवेगाव बांधला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं कृषी केंद्र. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं. तू जंगलात गाइड. सकाळची फेरी आटोपली की गेटवरून थेट माझ्याकडे यायचास, बाराच्या सुमारास, खाकी कपड्यांवर लाल धूळ आणि गळ्यात ती दुर्बीण, जिचा एक डोळा कधीचाच फुटला होता. दुपारच्या फेरीला निघेपर्यंतचा वेळ आपला. दुकानात गिऱ्हाईक असलं तर तू खताच्या पोत्यांवर आडवा व्हायचास. गिऱ्हाईक गेलं की उठून बसायचास. "लाव बे तुझे इंग्रज."

माझे इंग्रज म्हणजे हे उभ्याउभ्या हसवणारे, स्टँड-अपवाले. पोरीनं मला नवा मोबाइल दिला आणि त्यात चुकून एकावर बोट पडलं. काळा कोट, मागे विटांची भिंत, हातात माईक, बस्स. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. माझं बी.कॉम. त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. मी थांबवून थांबवून अर्थ सांगत होतो आणि तू अर्थ यायच्या आधीच हसत होतास. मला रागच आला.

"समजलं काय तुले, हसून राहिला तं?"

"त्याचं उभं राहनं पाय ना बाप्पा. मंग सांग काय म्हनते ते."

बरं, मी सांगायचो. आणि दुसऱ्या दिवशी तोच विनोद तू गेटवरच्या पोरांना आपल्या बोलीत सांगायचास. अमेरिकेतल्या मॉलचा आपला सोमवारचा बाजार व्हायचा, तिकडच्या बायकोची इकडची बायको व्हायची, आणि तो माझ्या भाषांतरापेक्षा काय, त्या कोटवाल्याच्या तोंडच्यापेक्षाही बरा व्हायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी छाती आधीच फार फुगलेली असायची.

त्यांची नावं तुझ्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून तूच सगळ्यांचं बारसं केलंस. भिंतवाला. पाणीपिता. रडव्या, जो हसवता हसवता शेवटी आपल्या आईचं सांगून डोळ्यांत पाणी आणायचा. सासूवाली. दिल्लीचा चष्मा. मग यादी निघाली: जगात आजवर झालेल्यांतले सगळ्यात मोठे दहा. बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूला मी मार्करनं लिहायचो आणि गोदामाच्या दाराला आतून टांगायचो. दर जानेवारीत नवं कॅलेंडर, नवी यादी. दोनपासून दहापर्यंत. एक नंबरची ओळ सात वर्षं रिकामी राहिली, कारण तिथं मी म्हणायचो भिंतवाला, आणि तू म्हणायचास, "आमचा बुढा."

तुझा बुढा म्हणजे तुझा बाप, सोमाजी. खडी गंमतीतला सोंगाड्या. मंडईच्या दिवसांत, दिवाळी झाली की गावोगावच्या जत्रेत, भरदुपारी मैदानात त्यांची पार्टी उभी राहायची. ढोलकीवाला, शाहीर, साडी नेसलेला नाच्या, मागे सूर धरणारे झीलकरी आणि मधोमध तुझा बाप. ना मंच, ना पडदा. पार्टीतलं कोणी बसत नाही, सगळं खडं राहून, म्हणून ती खडी गंमत. मी म्हणायचो, "अरे, यादी स्टँड-अपवाल्यांची आहे, तिथं तुझा बाप कुठून घालू?" तू पोत्यावरून खाली उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवायचास.

"स्टँड म्हंजे काय?"

"उभं."

"खडं! अना कॉमेडी म्हंजे?"

"विनोद."

"गंमत! मंग काय राह्यलं बे? अमेरिकेनं आपलं चोरलं, अना तू त्याइलेच नंबर देऊन राहिला."

"मधलं 'अप' कुठे गेलं?"

"अप म्हंजे वर. खाली कोनी उभं राहते का?"

मी चहा सांगायचो.

या तुझ्या शब्दार्थानं एकदा केवढा घोळ केला, आठवतं ना. गोंदियाच्या सभागृहात बाहेरचा एक तरुण स्टँड-अपवाला येणार होता. मी तुला सांगितलं आणि तू अख्ख्या गावाला सांगितलंस की गोंदियाले खडी गंमत हाये, बंबईची पार्टी येऊन राहिली. मला पत्ताच नाही. त्या दुपारी दोन काळीपिवळ्या जिपा भरून माणसं निघाली. लुगड्यातल्या बाया, धोतरातले म्हातारे, बसायला घरच्या दऱ्या. सभागृहात पहिल्या रांगेत दशरथबुवा, तुझ्या बापाचा झीलकरी, फेटा बांधून. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी सगळी कॉलेजची पोरं, जीन्समधली, आणि मध्ये आपलं हे वऱ्हाड.

पोट्टा आला. अंगात टी-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात माईक. हिंदीत बोलायला लागला. पाच मिनिटं दशरथबुवांनी वाट पाहिली. मग हात वर केला.

"बाकीची पार्टी कवा येते?"

पोट्ट्यानं कुणाला तरी अर्थ विचारला आणि म्हणाला, "बाबा, मैं अकेला ही हूँ."

"अरेरे," दशरथबुवा म्हणाले, "भांडन झालं का?"

सभागृह कोसळलं. तो पोट्टाही हसून हसून खाली बसला. दशरथबुवांना मात्र कशात हसू आहे ते कळेना. ते खरंच हळहळत होते. आणि मग त्यांनी काय केलं? पोट्ट्याचं एक वाक्य संपलं की बसल्या जागेवरून सूर लावून "जी जी!" दुसरं संपलं, "जी जी!" आपले बाकीचे म्हातारेही सामील झाले. मी खुर्चीत बुडून गेलो होतो. पोट्टा आधी गांगरला, मग चिडल्यासारखा झाला, आणि थोड्या वेळानं मी पाहतो तर वाक्य टाकून तो त्या "जी जी"ची वाटच पाहतोय. शेवटचा अर्धा तास असा रंगला की काय सांगू. नंतर बाहेर येऊन त्यानं तुलाच विचारलं, ये जी जी क्या है? तू तुझ्या त्या जंगलछाप हिंदीत सांगितलंस, "बोलनेवाला अकेला नहीं पड़ना चाहिए, इसलिए."

परतताना मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. लाज आणलीस म्हणून नाही. वाटेत माझ्या मनात आलं होतं की तुझं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि ते मला सोसवत नव्हतं.

असो. आता मुद्द्यावर येतो.

मोठा कोण हे ठरवायचं तुझं एक माप होतं. सगळे हसले तर तो चांगला. पण ज्याच्यावर विनोद केला, तोही हसला तर तो मोठा. "मार खानारा हसला पायजे," तू म्हणायचास. शिव्या देणाऱ्यांना तू याच मापानं यादीतून बाहेर काढलंस. मी म्हणायचो, ठीक, तुझ्याच मापानं तुझा बाप मोजू. आणि तू, इतका बोलका माणूस, दुर्बिणीची दोरी बोटाला गुंडाळत बसायचास. मला कारण ठाऊक होतं. तुला वाटायचं मला ठाऊक नाही.

माझे बाबा गावचे पोलीस पाटील. बारा महिने हातात छत्री, बोलण्याआधी दोनदा खोकणार आणि कोणी काहीही विचारलं तरी पहिलं वाक्य ठरलेलं, "नियमात बसते का पाहा." गावात त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं. घरीही नाही. आपण आठ-नऊ वर्षांचे होतो त्या मंडईत तुझ्या बापानं त्यांचंच सोंग घेतलं. डोक्याला पांढरा फेटा, हातात मोडकी छत्री, दोनदा खोकला. वाघानं गावातली बकरी नेली आहे आणि पाटील जंगलात पंचनामा करायला गेले आहेत. वाघ समोर येतो. पाटील छत्री उघडतात, खोकतात आणि विचारतात, "नाव?" "बापाचं नाव?" "राहनार कोठचे, नवेगाव का नागझिरा?" वाघही तुझा बापच व्हायचा, अर्धं अंग वळवून. वाघ गुरगुरतो. पाटील म्हणतात, "तोंडी चालत नाही, अर्ज द्या." बकरी खाताना साक्षीदार कोण होते? बकरीची संमती होती काय? नियमात बसते का पाहा. शेवटी, "बरं, अंगठा लावा." वाघ आपला पंजा पाहतो, पाटलाकडे पाहतो, आणि बकरी पुढे ढकलून हात जोडतो, "घ्या मालक तुमची बकरी, पन मले जाऊ द्या!"

सगळं मैदान लोळत होतं. आणि माझे बाबा उठले. छत्री उचलली, माझं मनगट धरलं आणि गर्दीतून ताडताड निघून गेले. ढोलकी थांबली. तू बापाच्या मागेच उभा होतास, वाघाची शेपटी धरून. आपली नजरानजर झाली होती, भोजू.

त्यानंतर सोमाजीनं आपल्या गावात सोंग घेतलं नाही. बाहेरगावी घेतलं, साकोलीकडे, सडक अर्जुनीकडे, पण आपल्या मंडईत फक्त ढोलकीजवळ उभा राहायचा. पाटलाचा अपमान झाला, भल्या माणसाचं मन दुखवलं, हे त्यानं मनाला लावून घेतलं. तूच सांगितलंस की शेवटच्या आजारातही त्यानं विचारलं होतं, "पाटलाले राग होता का रे?" आणि तू मला येऊन विचारलंस. सहज विचारल्यासारखं. "तुझ्या बापाले लय राग आला होता का बे, त्या दिवशी?"

मी म्हणालो, "माहीत नाही. लहान होतो."

तू एकदा नाही, तीनदा विचारलंस. तीनदाही मी हेच म्हणालो. मला माहीत होतं, भोजू.

त्या दिवशी बाबांनी मला ओढत तलावाच्या बांधावर आणलं. मला वाटलं, आता आपल्यालाच मार पडतो, कारण मीही हसलो होतो. मोहाच्या झाडापाशी ते थांबले. मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. छत्री खाली टाकली. आणि बसले, तसेच, मातीत, पांढऱ्या धोतरासकट, आणि हसायला लागले. आवाज नाही. नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. जरा थांबायचे, म्हणायचे, "अंगठा लावा म्हनते!" की पुन्हा सुरू. "बकरीची संमती! अगा माय!" मी घाबरलो. मला वाटलं बाबांना काहीतरी झालं. त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "सोम्या लय मोठा मानूस हाये. पन घरी सांगू नोको. पाटील हसला असं गावाले समजलं, तं उद्या कोनी ऐकनार नाही." मग डोळे पुसले, धोतर झटकलं, दोनदा खोकले, छत्री उचलली आणि पुन्हा पोलीस पाटील झाले.

बस, एवढंच. एवढंच मी तुला सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

लहानपणी नाही सांगितलं, कारण बापाला शब्द दिला होता. ते समजण्यासारखं आहे. पण बाबा गेले तेव्हा? सरणाची लाकडं रचत होते, कोणी म्हणे आडवी, कोणी म्हणे उभी, म्हातारे आपसांत भांडायला लागले, आणि तू माझ्या कानाशी येऊन हळूच खोकलास. दोनदा. "नियमात बसते का पाहा." भोजू, मला असं हसू आलं की मी वाकलो. तू लगेच आपला दुपट्टा माझ्या डोक्यावरून टाकलास आणि मला छातीशी धरलंस. लोकांना वाटलं पोरगा रडतो आहे. रडतही होतो. दुपट्ट्याच्या आत मी दोन्ही करत होतो. त्या दिवशी तू नसतास तर माझं काय झालं असतं, मला सांगता येत नाही. नंतर तलावावर हातपाय धुताना तू कितीतरी वेळ माझ्याकडे चोरून पाहत होतास. शेवटी विचारलंस, "राग तं नाही आला ना?" मी नाही म्हणालो. तेव्हाच पुढचं वाक्य बोलायचं होतं. बाबा गेले तेव्हाच मी त्या शब्दातून मोकळा झालो होतो.

आणि त्या जिप्सीतलं. माझे नागपूरचे साडू आले होते म्हणून मीही फेरीला आलो. तीन तास वाघ नाही. पाहुणे कंटाळले. तू पुढच्या सीटवर उभा राहिलास, एका हातानं वरची दांडी धरलीस आणि बापाचं तेच सोंग सुरू केलंस. वाघ, बकरी, पंचनामा. जिप्सी हसून हसून हलत होती. फक्त पोलीस पाटलाच्या जागी तू 'साहेब' घातला होतास. छत्रीही नव्हती. दोनदा खोकणंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात विचारलं, पाटील काऊन काढला? तू खताच्या पोत्यावरचं लेबल नखानं खरडत म्हणालास, "तुझा बाप होता ना बे. तुले वाईट वाटंन." छत्री आणि खोकला काढल्यावर त्या सोंगाची निम्मी मजा जाते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी काढलंस. माझ्यासाठी. आणि मी मख्खासारखा पावतीपुस्तक चाळत बसलो.

काऊन नाही सांगितलं मी? तेरा दिवस हेच स्वतःला विचारतो आहे. आधी वाटलं, जिद्द. वादात हरायला मला आवडत नाही, बायकोला विचार. पण नुसती जिद्द नव्हती. मला भीती होती. ती एक नंबरची ओळ भरली की यादी पूर्ण झाली. मग तू बारा वाजता कायले येशील? गेटवर तुझी इतकी माणसं होती, पोरं तुझ्याभोवती गोळा व्हायची, तुला काय कमी होती. माझ्याकडे दिवसभर येणारी माणसं धानावरच्या किडीचं आणि करपा रोगाचं विचारायची. हसायला माझ्याकडे तू एकटा येत होतास. म्हणून मी ते भांडण जपून ठेवलं. हे आज मला कळतं. तेव्हा नुसतं भांडायला मजा येत होती.

शेवटच्या मंगळवारी तू पुन्हा काढलंस. मी नेहमीचं बोललो, "रेकॉर्डिंग दाखव. पुरावा आण. पुरावा नाही तर नंबर नाही."

तू भांडला नाहीस. उठलास, दुर्बीण गळ्यात घातलीस आणि म्हणालास, "कोठून आनू बे पुरावा? पायनारे सारे मरून राहिले ना."

आणि गेलास. गुरुवारी सकाळी गेटवरच छातीत कळ आली म्हणे, आणि गाडीनं गोंदियाला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी दुकान उघडंच टाकून धावलो. काही उपयोग नव्हता. पुरावा तुझ्यासमोर लाकडी खुर्चीवर बसून चहा पीत होता, भोजू, आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

काल तुझी तेरवी झाली. आंगणात मांडव, पंगत उठलेली, माणसं सुपारी कातरत बसलेली. कोणी कोणी दोन शब्द बोलले. भोजराज मनमिळाऊ होते, भोजराज हसतमुख होते. तू ऐकलं असतंस तर जांभई दिली असतीस. सुमनवहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, तेरा दिवसांत एक शब्द न बोललेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बोला ना. ते तुमच्याकडंच राहत होते अर्धे."

मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही, मी फक्त भांडू शकतो. आणि मग माझ्याकडून खोकलं गेलं. दोनदा. ठरवून नाही. कोपऱ्यातली एक-दोन म्हातारी माणसं दचकली. मी म्हणालो, "नियमात बसते का पाहा."

पाटलाचा पोरगा पाटलाचं सोंग घेतो आहे, तेही तेरवीत. मी सांगायला लागलो. वाघ, बकरी, नाव, बापाचं नाव. तुझ्यासारखं येत नव्हतं, तुझ्या बापासारखं तर मुळीच नाही. घसा कोरडा पडला. आणि काय सांगू तुला, मी शेजारचा ग्लास उचलून घोटभर पाणी प्यायलो. खूष? मग मी बांधावरचं सांगितलं. मोहाचं झाड सांगितलं, मातीत बसलेलं धोतर सांगितलं, "अंगठा लावा म्हनते" सांगितलं. बाबा सोमाजीला काय म्हणाले ते सांगितलं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी भोजूला सांगितलं नाही, हेही सांगितलं. त्यापुढे मला आवाजच फुटेना. मी तसाच उभा, एकटा.

तेवढ्यात मागून, भिंतीजवळून, सूर आला. फाटलेला, थरथरता, पण पट्टीत.

"जी जी!"

दशरथबुवा. बसल्या जागी, हात कानाला लावून, डोळ्यांतून धारा. आणि मग कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं तर सुमनवहिनी. पदर तोंडात कोंबलेला, खांदे हलतात, डोळे वाहतात. "बकरीची संमती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हलायला लागल्या. मग सगळा मांडव. तुझ्या तेरवीत, भोजू, तुझ्या आंगणात, माणसं पोट धरून हसली आणि रडली, आणि मी सांगत राहिलो, आणि प्रत्येक वाक्याला मागून "जी जी" येत राहिलं.

आज बारा वाजता मी गोदामाचं दार ओढून घेतलं आणि मार्कर उघडला. सुकला होता. नवा आणवला. एक नंबरच्या ओळीत लिहिलं: सोमाजी, खडी गंमत, नवेगाव बांध. अक्षर थोडं वाकडं आलं. भिंतवाला दोनवर राहील, पाणीपिता तीनवर, त्यावर मी अजूनही ठाम आहे आणि तुला काही म्हणायचं असेल तर म्हणत राहा.

पण तुझा बापच एक नंबर होता बे. माझा बाप हसला होता. मले पयल्यापासून ठाऊक होतं.